चिलखताची निगा
(जीर्णोद्धार सोहळ्यात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



देवळाचे काम निघाले की जुन्या खोल्या, कोनाडे, पेट्या रिकाम्या होतात. जुने लोखंड बाहेर पडते ते अशाच वेळी. मग ते भंगारात तरी जाते, नाहीतर चिंच आणि वाळू लावून घासले जाते. दोन्हींत नुकसान सारखेच. जुन्या वाढोण्यात, म्हणजे आजच्या हिमायतनगरात व भोवतालच्या गावांत, कुणाच्या वाड्यात तलवार, ढाल वा चिलखत असेल, तर त्यांच्यासाठी हे चार शब्द.

चिलखत म्हणजे लोखंडी कड्यांचा अंगरखा. एकेक कडी शेजारच्या चार कड्यांत ओवलेली असते, आणि चांगल्या चिलखतात तिची टोके चपटी करून बारीक खिळ्याने जोडलेली असतात. १६५९ साली प्रतापगडाच्या पायथ्याशी शिवाजी महाराजांच्या अंगरख्याखाली चिलखत होते, म्हणूनच अफजलखानाचा वार वाया गेला, हे शाळकरी पोरही सांगते. त्या चिलखताची निगा कशी राखत, हे मात्र कुणी विचारत नाही.

तलवारीचे पाते एका फडक्याने पुसून होते. चिलखतात कडी कडीला टेकते तिथे ओल दडते, आणि ओल व हवा एकत्र आली की लोखंड गंजणारच. घामातले मीठ तर गंजाला खतपाणीच! अंगात घालून वावरताना कड्या एकमेकींवर घासत व गंज फारसा धरत नसे. खुंटीला टांगले की तो सुरू. युरोपात चिलखत वाळूसह पिपात घालून पीप लोळवीत. आज संग्रहालये तसे करीत नाहीत, कारण गंजाबरोबर कडीही झिजते.

लांब जायला नको. १७०८ साली नांदेडला गुरू गोविंदसिंहजींनी देह ठेवला. हुजूर साहिब येथे त्यांची शस्त्रे जतन केलेली आहेत. दरवर्षी दिवाळीच्या सुमारास तख्तस्नानाचा सोहळा होतो, गोदावरीचे पाणी आणतात, शस्त्रे बाहेर काढून स्वच्छ करतात. लोखंड टिकते ते असा वर्षाच्या वर्षाला जाणता हात फिरल्यामुळे. नुसते पाणी ओतून कोरडे न करता पेटीत ठेवणे, हा त्या सोहळ्याचा अर्थ नव्हे.

खंडेनवमीला पूजा अवश्य करावी. पण ओले गंध, हळदकुंकू, लिंबू चिलखताला न लावता खालच्या पाटाला लावावे. देव रागावत नाही. चिंच-लिंबू पितळेला चालते, लोखंडाला खाते. गोडेतेल लावले तर वर्षभरात चिकट होऊन धूळ धरते. त्यापेक्षा शिलाई यंत्राचे तेल फडक्याला लावून हलकेच फिरवावे. चांदीचा रंग तर मुळीच नको, त्याखाली गंज बिनबोभाट वाढतो. गंजून चिकटलेल्या कड्या ओढू नयेत. अशा वेळी राज्याच्या पुरातत्त्व खात्याला विचारावे. शंभर वर्षांहून जुनी अशी वस्तू १९७२ च्या कायद्याने पुरावशेष ठरते, हे वजनावर भाव सांगणाऱ्या भंगारवाल्याला ऐकवायला विसरू नये.

चिलखत टांगू नये, त्याच्याच वजनाने वरच्या कड्या ताणतात. खळ नसलेल्या धुतलेल्या धोतरात आडवे पसरून कोरड्या जागी ठेवावे. पावसाळा सरला की, नवरात्रापूर्वी, कोरड्या हाताने धोतर उघडून पाहावे. त्यावर तांबूस भुकटी पडली असेल तर गंज अजून चालू आहे. कड्यांवर नुसता घट्ट काळा थर असेल तर तो खरवडू नये, तसाच राहू द्यावा.