नांगर विकणारा चित्रकार
(विद्यार्थी गुणगौरव समारंभातील भाषण)



बँकेच्या काउंटरवर भेटणारी बी. ए. झालेली मुले विचारतात, "मार्केटिंगमध्ये आमचे काय काम?" त्यांना मी शंकर वासुदेव किर्लोस्करांचे (१८९१–१९७५) उदाहरण देतो.

शंकरराव पंडित सातवळेकरांकडे चित्रकला शिकले आणि काका लक्ष्मणरावांच्या किर्लोस्करवाडीच्या कारखान्यात जाहिरात व विक्री पाहू लागले. कारखान्याचा माल म्हणजे लोखंडी नांगर. लोखंडाने जमिनीत विष भिनते, अशी सुरुवातीला शेतकऱ्यांची समजूत! ती नुसती किंमत उतरवून जाणारी नव्हती. गिऱ्हाइकाशी बोलत राहणे भाग होते. १९२० साली शंकररावांनी 'किर्लोस्कर खबर' काढली. कारखान्याची माहिती देणारी ही खबर पुढे 'किर्लोस्कर' मासिक झाली. १९३० मध्ये 'स्त्री' व १९३४ मध्ये 'मनोहर' ही मासिके तिच्या जोडीला आली. व्यंगचित्रांचा छंदही त्यांनी सोडला नाही.

मित्रहो, अंगची कला नोकरीच्या अर्जात मावत नाही म्हणून टाकून देऊ नका. आणि ज्याला माल विकायचा, त्याची शंका आधी ऐकून घ्या. विक्रीचे अर्धे काम तेथेच होते.