कावीळ, पेट स्कॅन आणि आपला प्रश्न

दवाखान्यासाठी गटाकडं कर्ज मागायला आलेली बाई पहिल्यांदा एकच विचारते, "ऑपरेशन केलं तर माणूस वाचेल ना?" आज पित्तनळीच्या कॅन्सरबद्दल बोलूया.

यकृतातलं पित्त आतड्यात नेणारी ही नळी. तिथं गाठ झाली की नळी तुंबते. डोळे पिवळे, लघवी गडद, शौच पांढरट, अंगाला खाज. आपण साधी कावीळ समजून पाल्याचं औषध घेत बसतो आणि ऑपरेशनची वेळ निघून जाते.

अशा रुग्णाचा डॉक्टर कधी पेट स्कॅन करायला सांगतात. शिरेतून थोडी किरणोत्सारी साखर देतात. कॅन्सरच्या पेशी साखर जास्त ओढतात, म्हणून त्या जागा चित्रात उजळतात. या साखरेचा जोर साधारण ११० मिनिटांत निम्मा होतो, म्हणून दिलेली वेळ चुकवू नका. ती बनवायला लागणारं देशातलं पहिलं वैद्यकीय सायक्लोट्रॉन २००२ साली मुंबईत परळला सुरू झालं.

गाठ जास्त उजळली तर ऑपरेशननंतर आजार उलटायचा धोका जास्त, असं अभ्यासांत दिसलंय. पण तो अंदाज आहे, निकाल नव्हे. नळीला सूज असली तरी जागा उजळते. गाठ पूर्ण निघाली का, हे ऑपरेशननंतरच्या तपासणीत कळतं.

स्कॅनला उपाशीपोटी जायचं. मधुमेह असेल, बाळ अंगावर पीत असेल तर आधी सांगा. महात्मा फुले योजनेत काय बसतं, ते आरोग्यमित्राला विचारा. आणि डोळे पिवळे दिसले, तर आधी रक्त तपासा आणि सोनोग्राफी करा.