आधारघराच्या तीन कसोट्या
(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



वर्धापनदिनाच्या भाषणात मंडळाची स्तुती करावी अशी रीत आहे. ते काम चिटणीसबाईंच्या अहवालाने उत्तम झाले आहे. तेव्हा मी सरळ कामाच्या गोष्टीवर येते. वृद्ध आणि एकट्या पडलेल्या भगिनींसाठी मंडळाने दिवसभराचे एक आधारघर काढावे, असा विचार आपल्यात चालू आहे. गरज खरी आहे. आपल्या कन्नमवारनगरात जुन्या इमारती जाऊन उंच इमारती उभ्या राहत आहेत. घरे मोठी झाली, ही आनंदाची गोष्ट. पण दार लोटले की आतली म्हातारी जेवली की नाही, हे शेजारणीला कळेनासे झाले आहे. मुलगा-सून कामावर, नातवंडे शाळेत, आणि आजी खिडकीशी.

परंतु चांगल्या हेतूने काढलेले घर चांगलेच चालते असे नाही. असे घर काढण्यापूर्वी तीन प्रश्नांची उत्तरे द्यावी लागतात. दार कोणाला उघडे? कारभार कोणाच्या हाती? आणि उद्या चालायचे कसे? महाराष्ट्रात आपल्याआधी ज्यांनी अशी घरे काढली, त्यांनाही हेच प्रश्न पडले होते.

पहिला प्रश्न दाराचा. अण्णासाहेब कर्वे यांनी १८९६ साली पुण्यात विधवांसाठी आश्रम काढला आणि १९०० साली तो हिंगण्याच्या माळावर नेला. त्या काळी विधवेला शिकवून पायावर उभे करणे म्हणजे सगळ्या गावाचा रोष पत्करणे होते. अण्णांच्या या धैर्याला माझे शतशः वंदन. तरीही सांगितले पाहिजे की आरंभी हे दार ब्राह्मण स्त्रियांपुरतेच होते. महर्षी विठ्ठल रामजी शिंदे यांनी आपली बहीण जनाक्का हिला तेथे प्रवेश मिळावा म्हणून प्रयत्न केला; तो मिळाला नाही. जनाक्का दुसरीकडे शिकल्या, आणि पुढे भावाने १९०६ साली मुंबईत काढलेल्या अस्पृश्योद्धाराच्या मिशनमध्ये त्यांनी सेवा केली. जिला एका घराने दार उघडले नाही, तिने दुसऱ्यांसाठी दार धरून ठेवले! हिंगण्याचे दारही पुढे सर्वांना उघडले, आणि अण्णांनी उतारवयात, १९४४ साली, समता संघ काढला. यातून मी एवढेच घेते की दार कोणाला बंद आहे, हे घर चालवणाऱ्यांच्या लवकर ध्यानात येत नाही. बाहेर उभी असलेली बाईच ते सांगू शकते. म्हणून आपल्या आधारघराचे नियम करताना जात, धर्म, भाषा, भाडेकरू की घरमालकीण, इमारतीतली की पलीकडच्या चाळीतली, हा भेद कोठेही शिरता कामा नये.

दुसरा प्रश्न कारभाराचा. पार्वतीबाई आठवले यांचे नाव आपण ऐकले असेल. लहान वयात वैधव्य आले, पदरी एक मुलगा. मोठेपणी अक्षर गिरवले. त्या हिंगण्यास आल्या, आणि पुढे त्याच आश्रमाच्या व्यवस्थापिका झाल्या. आश्रमासाठी गावोगाव फिरून त्यांनी पैसा जमवला. १९१८ साली त्या अमेरिकेस गेल्या, आणि इंग्रजी बेताचेच येत असताना तेथे लोकांच्या घरी घरकाम करून त्यांनी आपला निर्वाह केला. संस्था चालवणारी बाई परक्या घरी भांडी घासायला लाजली नाही, याचे मला फार कौतुक वाटते. पण त्याहून महत्त्वाची गोष्ट ही की ज्या घरात आश्रिता कारभारीण होऊ शकते, तेच घर खरे आधाराचे. बाकीची घरे अन्नछत्रे.

कारभारात दुसरे लागते ते स्पष्टपणा. पंडिता रमाबाईंनी १८८९ साली मुंबईत शारदासदन काढले. पैसा अमेरिकेतील मंडळींचा, आणि सल्लागार रानडे, भांडारकर यांच्यासारखे येथील थोर पुरुष. घरात धर्म शिकवला जातो की नाही, यावरून वाद पेटला, आणि १८९३ साली या सल्लागारांनी अंग काढून घेतले. पुष्कळ पालकांनी मुली परत नेल्या. कोणाची बाजू बरोबर, याचा निवाडा मी आज करीत नाही. एवढे दिसते की देणाऱ्याची समजूत एक, चालवणाऱ्याची दुसरी आणि पालकांची तिसरी असली की घर मधोमध तडकते. हेतू, नियम आणि हिशेब पहिल्या दिवशी कागदावर उतरले पाहिजेत आणि भिंतीवर लागले पाहिजेत.

आणि येथे घरच्या मैत्रिणींना एक टोचणारी गोष्ट विचारते. गृहनिर्माण सोसायटीच्या समितीत कायद्याने स्त्रियांसाठी जागा राखल्या आहेत. त्या जागांवर बसलेल्या किती जणी सभेत बोलतात, आणि किती जणींच्या घरी वही सहीपुरती येते?

तिसरा प्रश्न टिकण्याचा. शारदासदनाचा आधार खचला तरी रमाबाई खचल्या नाहीत. १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी शेकडो मुली आणि स्त्रिया वाचवून केडगावास आणल्या. तेथे मुक्तिसदन उभे राहिले. इतकी तोंडे नुसत्या देणग्यांवर कशी भरणार? विहिरी खणल्या, शेती केली, गाई पाळल्या, माग घातले, छापखाना काढला; आणि ही सारी कामे तेथे राहणाऱ्या स्त्रियांनीच केली. अंध मुलींना बोटांनी वाचायला शिकवले. वृद्ध आणि पंगू स्त्रियांसाठी वेगळे सदन होते. तेथे काम हा दंड नव्हता. माझ्यावाचून कोणाचे तरी अडते, ही भावना त्यातून मिळत होती. आपल्या आजींनाही तीच हवी आहे. कोणी वाती वळतील, कोणी लहान मुलांना पाढे शिकवतील, कोणी मेतकूट-भाजणी करून विकतील. त्या पैशाने निदान चहा तरी घरचा होईल!

आता, भगिनींनो, या तिन्ही कसोट्या जेथे एकत्र लागतात, त्या जागी येते. आधारघरात आजींना उठवणारी, न्हाऊ घालणारी, फरशी पुसणारी बाई असेल. तिला आपण मावशी म्हणू. मावशी म्हणणे गोड आहे. पण नाते जोडले म्हणून पगारी रजा द्यायची नाही, हे कोणत्या शास्त्रात बसते? आपल्या इमारतींत आज किती ठिकाणी झाडणाऱ्या बाईला हात धुवायला आणि दोन घास खायला जागा आहे? जिन्याखाली बसून डबा खाणाऱ्या बाईच्या हातात आपण आपली आई सोपवणार आहोत!

कायदा या बाबतीत आपल्यापुढे चार पावले आहे. महाराष्ट्रात घरकामगारांच्या कल्याण मंडळाचा कायदा २००८ साली झाला. कामाच्या जागी स्त्रियांचा लैंगिक छळ होऊ नये म्हणून २०१३ साली कायदा झाला. दहा किंवा अधिक माणसे कामाला असतील तेथे तक्रार समिती हवी, तिची प्रमुख स्त्री हवी आणि निदान निम्म्या सभासद स्त्रिया हव्यात. माणसे दहाहून कमी असली तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येते, आणि घरोघर काम करणारी बाईसुद्धा तेथे जाऊ शकते. हे तिला कोण सांगणार? आपणच ना?

म्हणून माझी सूचना अशी. आधारघराच्या समितीत सात जणी असाव्यात. त्यांपैकी दोन तेथे येणाऱ्या आजी आणि एक काम करणारी मावशी. मावशीला मत असावे, नुसती बसायला खुर्ची नव्हे. तिचा पगार महिन्याच्या ठरल्या तारखेला व्हावा. आठवड्याची सुट्टी आणि आजारपणाची रजा लिहून द्यावी. जमाखर्च दर महिन्यास दाराशी लावावा. आणि एक वर्षाचा खर्च हाती आल्यावाचून कुलूप उघडू नये. कारण चार महिन्यांनी बंद पडलेले आधारघर हे आजींना न काढलेल्या घराहून अधिक दुःख देते.

हे कठीण वाटेल. समितीत मावशी बसल्यावर काही जणी उठून जातील, असेही मला सांगण्यात आले. जावोत. पंचवीस जणींनी भिऊन चालवलेल्या घरापेक्षा दहा जणींनी सरळपणे चालवलेले घर बरे.

सूचना आपण सभेपुढे ठेवावी, तीवर मोकळेपणाने भांडावे आणि मग हात वर करावे, एवढी विनंती आहे.