हातोडा आणि शिवधनुष्य

आज बोलूया 'अव्हेंजर्स: एंडगेम'वर.

26 एप्रिल 2019 ला आपल्याकडे लागला. तीन तास एक मिनिटाचा पिक्चर, पण कॅप्टन अमेरिका थॉरचा हातोडा उचलतो तेव्हा घड्याळ कोण बघतंय! आमच्या सांगलीच्या थेटरात सगळे उभे. मागून एकजण ओरडला, "हाण की भावा!" 2008 च्या 'आयर्न मॅन'पासून धरला तर हा 22 वा सिनेमा. 11 वर्षांत ही मंडळी आपल्या गल्लीतलीच झाली होती.

आता खटकलेलं सांगतो. पिक्चर इंग्लिश, हिंदी, तमिळ आणि तेलुगूत आला. मराठीत नाही. सोबत साताऱ्याचा मित्र होता, तो म्हणाला, "आपल्याला हिंदी कळतंय, मग मराठीत कशाला करतील?"

पण गंमत बघा. लायक माणसालाच उचलता येणारं शस्त्र, ही गोष्ट आपल्याला नवीन आहे का? भल्याभल्या राजांना हललं नाही ते शिवधनुष्य रामानं उचललं. विष्णुदास भाव्यांनी 1843 साली याच सांगलीत 'सीतास्वयंवर' रंगमंचावर आणलं, तेही मराठीत.

आणि हे आजही जमतं. जून 2023 मध्ये 'स्पायडर-मॅन: अक्रॉस द स्पायडर-व्हर्स' दहा भाषांत आला, त्यात मराठी होती. म्हणून एकच सांगणं: तुमच्या गावात मराठी शो लागला, तर आधी त्याचं तिकीट काढा. शिट्ट्या आपण मराठीत मारतोच, आता डायलॉगही मराठीत ऐकू.

भेटू पुढच्या भागात!