घरच्या संगणकावर चित्रफीत तयार करताना मेमरी अपुरी का पडते?



आपल्यापैकी बरेच जण आता शेतातील कामांचे चित्रीकरण मोबाईलवर करतात. छाटणी, कलम बांधणी, शेततळ्याचे अस्तर, असे तुकडे घरच्या संगणकावर जोडून त्याची एक चित्रफीत करावी, गटातील इतरांना दाखवावी, ही पद्धत चांगली आहे. परंतु शेवटची पायरी म्हणजे रेंडर करताना अनेकांचा संगणक मध्येच बंद पडतो किंवा मेमरी कमी असल्याची सूचना देतो. आज त्याविषयी बोलावयाचे आहे.

हा अनुभव मीही घेतला आहे. कांदाचाळीच्या पायापासून कांदा भरण्यापर्यंतची वीस मिनिटांची फीत मी मेळाव्याकरिता केली होती. चार महिन्यांचे चित्रीकरण होते. मेळाव्याच्या आदल्या रात्री रेंडर लावले, ते तीन वेळा अर्ध्यावर तुटले. दुसऱ्या दिवशी पडद्यासमोर उभे राहून मी नुसतेच तोंडी सांगितले. चाळीची हवा खालून कशी खेळते हे तोंडी सांगून कोणाला पटणार?

प्रथम मेमरी म्हणजे काय ते पाहू. हार्ड डिस्क हे कोठार आणि रॅम म्हणजे खळे. कोठारात कितीही माल असो, मळणी व्हायची ती खळ्यातच. फोनमधील चित्रफीत घट्ट दाबून भरलेली असते, रेंडर करताना मात्र तिची एकेक चौकट पूर्ण उलगडावी लागते. फुल एचडी चौकटीत 1920 गुणिले 1080, म्हणजे 20,73,600 ठिपके असतात. प्रत्येक ठिपक्यास चार बाइट धरले तर एका चौकटीस सुमारे 8.3 एमबी जागा लागते. सेकंदाला 30 चौकटी धरल्यास एका सेकंदाचे जवळजवळ 250 एमबी होतात. सर्व चौकटी एकाच वेळी खळ्यात येत नाहीत हे खरे, परंतु एकावर एक थर, रंगसुधारणा, हलणारे चित्र स्थिर करणे अशी कामे जेवढी जास्त, तेवढ्या अधिक चौकटी एका वेळी धरून ठेवाव्या लागतात. चित्रण फोर-के असेल तर हाच हिशेब चौपट होतो.

उपाय करण्यापूर्वी रोग ओळखावा. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही बटणे एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडावा व रेंडर चालू असताना मेमरीचा आलेख पाहावा. आलेख हळूहळू चढत जाऊन वर टेकला आणि मग काम तुटले, तर मेमरी भरली असे समजावे. मेमरी मोकळी असताना संगणक एकदम काळा होऊन बंद पडत असेल तर बहुधा उष्णता किंवा वीजपुरवठ्याचा दोष असतो. आपल्याकडे पंख्यात धूळ आणि भुसा किती साचतो हे वेगळे सांगावयास नको. तो साफ करावा. आणि दर वेळी नेमक्या त्याच ठिकाणी काम तुटत असेल तर त्या जागेवरचा तुकडा किंवा छायाचित्र तपासावे.

माझे काम याच तिसऱ्या प्रकारे तुटत होते. त्या जागी मी फोनवर काढलेली चाळीस छायाचित्रे टाकली होती. कोठारात प्रत्येक छायाचित्र तीन-चार एमबीचे दिसते, परंतु 4000 गुणिले 3000 ठिपक्यांचे छायाचित्र उलगडले की ते 48 एमबी होते. चाळीस उलगडली तर जवळजवळ 2 जीबी! शेवटी पडद्यावर त्यातील 1920 ठिपकेच रुंदीला दिसणार. म्हणून छायाचित्रे आधीच 1920 रुंदीला लहान करून घ्यावीत. झूम करावयाचे असेल तर थोडी मोठी ठेवावीत. एवढ्यानेच अनेकांचे काम भागते.

आता विंडोजची बाजू. सेटिंग्जमध्ये सिस्टिम टाइप पाहावा. जुना संगणक 32 बिटचा असेल तर तेथे एका प्रोग्रॅमला साधारणतः 2 जीबीपेक्षा जास्त मेमरी मिळतच नाही. अशा संगणकात नवी रॅम बसवणे म्हणजे पैसे पाण्यात घालणे. दुकानदार बसवून देईल, उपयोग होणार नाही. प्रोसेसर 64 बिटचा असल्यास विंडोज व प्रोग्रॅम दोन्ही 64 बिटचे घ्यावेत. दुसरे, रॅम भरल्यावर विंडोज हार्ड डिस्कवरील काही जागा मेमरीसारखी वापरते. तिला पेज फाइल म्हणतात. संगणक जलद व्हावा म्हणून काही जण ती बंद करून ठेवतात. तसे करू नये. व्हर्च्युअल मेमरीच्या सेटिंगमध्ये ती विंडोजकडेच सोपवावी आणि सी ड्राइव्हवर वीस-पंचवीस जीबी जागा मोकळी ठेवावी. काम सावकाश होईल, पण तुटणार नाही.

रेंडरपूर्वी प्रोजेक्ट सेव्ह करून प्रोग्रॅम बंद करावा, पुन्हा उघडावा आणि लगेच रेंडर लावावे. संपादन करताना अडकलेली मेमरी त्यामुळे सुटते. ब्राउझर बंदच ठेवावा. शॉटकटमध्ये एक्स्पोर्टच्या वेळी पॅरलल प्रोसेसिंगची खूण काढून पाहावी, केडेनलाइव्हमध्ये थ्रेडची संख्या कमी करावी. एकाच वेळी कमी चौकटी हातात घेतल्या की खळ्यावर ताण कमी येतो. प्रॉक्सीविषयी मात्र अनेकांचा गैरसमज आहे. प्रॉक्सीमुळे संपादन हलके होते, परंतु अंतिम रेंडर मूळ चित्रणावरूनच होते, तेव्हा त्या तक्रारीवर तो उपाय नव्हे.

एवढे करूनही तुटलेच तर फीत तुकड्यांनी काढावी. केडेनलाइव्हमध्ये ठराविक भाग निवडून तेवढाच रेंडर करता येतो. पाच-पाच मिनिटांचे चार तुकडे, सर्वांची सेटिंग्ज अगदी सारखी ठेवून काढावेत आणि लॉसलेसकटसारख्या मोफत प्रोग्रॅमने जोडावेत. जोडताना पुन्हा रेंडर करावे लागत नाही. रात्री वीज गेली तरी एकच तुकडा वाया जातो, हा यातील मोठा फायदा. माझी कांदाचाळीची फीत अशीच पुरी झाली.

रॅम वाढवायचीच असेल तर आधी जुनी पट्टी पाहावी. डीडीआर 3 च्या जागी डीडीआर 4 बसत नाही, आणि लॅपटॉपची पट्टी वेगळी, आखूड असते.

आणखी एक. फीत थेट पेन ड्राइव्हवर काढत असाल व ती बरोबर 4 जीबीपाशी थांबत असेल, तर त्यात मेमरीचा दोष नाही. एफएटी 32 पद्धतीने फॉरमॅट केलेल्या पेन ड्राइव्हवर याहून मोठी फाइल मावत नाही. त्यातील माल दुसरीकडे उतरवून तो एक्सफॅटने फॉरमॅट करावा.