इरिटेट

मुलगी यंदा दहावीला आहे. गेल्या महिन्यात एका संध्याकाळी आई तिसऱ्यांदा तिच्या खोलीत डोकावली. "गरम भाकर देऊ का गं बाई?" वहीतून मान वर न करता मुलगी म्हणाली, "आज्जी, इरिटेट नको ना करू!"

आईनं बाहेर येऊन मला विचारलं, "काय म्हणली रे ती?"

"अभ्यास लई आहे म्हणते," मी सांगून टाकलं.

मंडळी, मी खोटं बोललो. अर्थ काही अवघड नाही. चीड आणणं, डोकं उठवणं. पण 'आज्जी, तू माझं डोकं उठवतेस' असं मराठीत म्हणताना माझ्या मुलीची जीभ अडखळली असती. इंग्रजीत मात्र ते सहज निसटलं.

या भावनेला आपल्याकडे शब्दांची वाण नाही. भुणभुण वेगळी, कटकट वेगळी, वैताग वेगळा. 'बेजार' फारसीतून आला, 'हैराण'चं मूळ अरबी. आमचं अंबड १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होतं, तेव्हा हे शब्द आम्हाला घरचेच. पण ते उभ्या महाराष्ट्रालाही परके वाटत नाहीत. 'त्रास' म्हणजे तर संस्कृतात भीती. मराठीत येऊन त्याची धार बोथटली आणि आता आपण 'त्रासाबद्दल क्षमस्व' अशी पाटी लावतो.

'इरिटेट'चंही तसंच चाललंय. मुलगी म्हणते, 'मला इरिटेट होतं.' इंग्रजी व्याकरणात हे बसत नाही. 'मला मळमळतं', 'मला कसंतरी होतं' याच्या चालीवर तिनं ते बसवलंय. शब्द इंग्रजी, पण वाक्य अस्सल मराठी. मला याचं कौतुकच वाटतं. त्या संध्याकाळी मात्र वाटलं नाही.

रात्री आईच्या डोळ्यांत औषधाचे थेंब टाकत होतो. तिचं नुकतंच मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय. ती एकदम म्हणाली, "डॉक्टरबी तेच म्हणले होते."

"काय?"

"इरिटेशन होईल म्हणून. डोळ्यात कण गेल्यावाणी खुपतंय, तेच ना ते?"

मी गप्प.

"मग मी खुपते का रे तिला?"

पाण्याचा तांब्या न्यायला आलेली मुलगी दारातच उभी होती.