नेपल्समध्ये भेटलेलं तेर



प्रत्येकाने घरची खबरबात सांगायचं ठरलंय, म्हणून आमची सांगते. लेक दहावी झाली, आईने पंच्याहत्तरी गाठली. त्या आनंदात आम्ही चौघं इटलीला जाऊन आलो.

पॉम्पेई शहर इ.स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलं. तिथे १९३८ साली भारतातली एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती सापडली. आता ती नेपल्सच्या संग्रहालयात आहे. ती बघताच आई म्हणाली, "अगं, ही तर आपल्या तेरच्या बाईसारखी!" खरंच, तेरलाही तशीच छोटी हस्तिदंती मूर्ती सापडलेली आहे.

तेर म्हणजे प्राचीन तगर. तिथलं कापड गाड्यांतून भडोच बंदरात आणि पुढे समुद्रापार जात असे. हे मी लेकीला तिथेच सांगितलं. एरवी गाव विचारलं की "पुणे" म्हणणारी ही पोर, शेजारच्या प्रवाशांना मात्र सांगू लागली, "आमचं गाव धाराशिव, तेरजवळ."

एवढंच मागणं आहे. गोरोबाकाकांच्या दर्शनाला जाल, तेव्हा पोरांना तिथल्या लामतुरे संग्रहालयातही न्या. आपलं गाव किती दूरवर पोचलं होतं, ते त्यांना कळू द्या.